न पिता झोकांड्या

डोळ्यांसमोर धरलेला पेन मी उजवीकडे नेला. केशवरावांचे डोळे निम्म्यातच अडकले आणि थरथरू लागले. डावीकडे नेला. तेच! आजवर फक्त पुस्तकात वाचलेली केस समोर बसली होती.

केशवराव मोहाडीचे विणकर. बायको सुशीलाबाईंनी त्यांना धरून धरून भंडाऱ्याला आमच्या हॉस्पिटलात आणलं होतं. मी तिथे फिजिशियन.

"मॅडम, हे पेऊनच आले जी," त्या तणतणल्या. "भिंतीले धरून चालते, अन् म्हणते दारू सोडली!"

"खरंच सोडली जी," केशवराव पुटपुटले. "एकाचे दोन दिसून राहिले मले. कोणी मानतच नाही."

तोंडाला दारूचा वास नव्हता.

"जेवतात का?" मी सुशीलाबाईंना विचारलं.

"कुठलं जी? सोडली म्हणते तवापासून उलट्याच होऊन राहिल्या. त्याच्या आधी तं दारूच जेवण होतं."

ज्युनिअर डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावत होता. मी ओरडलेच, "थांबा! आधी थायमिन!"

थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. साखरेपासून ऊर्जा बनवायला मेंदूला ते लागतं. दारू ते आतड्यातून रक्तात नीट शिरू देत नाही, त्यात पिणारा जेवतही नाही. साठा संपला की डोळे अडकतात, तोल जातो, माणूस गोंधळतो. अशात नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते, कधी जीवही.

"मॅडम, आधी रक्ताचे रिपोर्ट येऊ द्यायचे?" ज्युनिअरने विचारलं.

"तोवर मेंदू थांबणार नाही. शिरेतून द्या, आत्ता!"

संध्याकाळी वॉर्डातून हाक आली, "मॅडम, या ना जी लवकर!" मी धावतच गेले. सुशीलाबाई नवऱ्यासमोर बोट फिरवत होत्या आणि डोळे बोटामागे जात होते! थोडे थरथरत, पण पार कडेपर्यंत! ज्युनिअरने तर टाळीच वाजवली.

"मंग तुमी पेले नव्हते?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तेच तं सांगून राहिलो होतो."

"माह्यं चुकलं जी," म्हणत त्या रडायला लागल्या.

तोल सावरायला मात्र बरेच आठवडे गेले. केशवराव पुन्हा मागावर बसले, तरी पाय अधूनमधून चुकतोच.

दारू सुटली म्हणून तिने केलेलं नुकसान त्याच दिवशी थांबत नाही. रोज पिणाऱ्याने सोडावी जरूर, पण डॉक्टरला सांगून. आणि सोडल्यावर झोक जायला लागला, तर घरच्यांनी भांडण नंतर करावं, दवाखाना आधी गाठावा.