मायचे कामठीचे बूट

माझी माय नऊवारी लुगड्यावर पलटणीतले बूट घालायची. ते बूट मी निवडले होते.

निवडले म्हणजे अभ्यास करून निवडले. (तेव्हा मी कोणतीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करत नसे. बी.ए.ला मला दोनदा बसावं लागलं ते बहुधा त्यामुळेच.) पण बुटांआधी नवसाचं सांगायला हवं.

मला नोकरी लागत नव्हती तेव्हा माय नागद्वारीच्या देवाला नवस बोलली होती: पोराला नोकरी लागू दे, मी त्याला तुझ्या दारात आणीन, त्याचं डोकं तुझ्या पायाशी टेकवीन. देवानं ऐकलं आणि मी एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. आता नागद्वारी म्हणजे काही टेकडीवरचा गणपती नव्हे, की संध्याकाळी गेलो आणि जेवायला परत आलो. पचमढीपर्यंत मोटारीनं जायचं आणि पुढे सातपुड्याच्या पोटातल्या गुहेपर्यंत पायी, तेही ऐन श्रावणात. वाट म्हणजे शेवाळलेले धोंडे, मध्येच लोखंडी शिडी, एका बाजूला दरी आणि दर थोड्या वेळानं एक ओढा. पाऊस वरून पडतो, वाऱ्याबरोबर बाजूनं येतो आणि ओढ्यात उतरलं की खालूनही भेटतो.

पहिल्या साली माय मला घेऊन निघाली आणि पहिल्याच ओढ्यात तिची चप्पल सटकली. घोटा कोहळ्याएवढा सुजला. मी आणि बरोबरच्या माणसांनी आळीपाळीनं तिला पाठीवर घेतलं आणि माघारी फिरलो. नवस तिथंच अडकला.

पुढच्या आषाढात झिबलमामा घरी आला. हा मायचा चुलतभाऊ, आमच्या महाल वस्तीतल्या यात्रेकरू मंडळींचा म्होरक्या. ओट्यावर बसून त्यानं खाली बघत सांगून टाकलं, "बाई, यंदा तू घरूनच हात जोड. पोट्ट्याले मी नेतो."

मायनं त्याला चहा दिला. त्यात साखर नव्हती. माय काही विसरलेली मी तोवर पाहिली नव्हती. मामानं तो चहा मुकाट्यानं पिऊन टाकला, यावरून त्यालाही ते समजलं असावं.

तो गेल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "डोकं तुह्यं हाये गा, बबन. पण टेकवाचं म्या कबूल केलं होतं."

मी म्हटलं, पाय तुझा सटकलाच नाही, सटकली ती चप्पल. आपण बूट घेऊ. डोंगरातले, पाणी न शिरणारे. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला. आमच्या घरात याला संमती म्हणत.

अभ्यास मी वाचनालयात केला. बर्फाच्या डोंगरांवर चढणाऱ्या गोऱ्या लोकांवर एका इंग्रजी मासिकात लेख आला होता. त्यात बूट कसा निवडावा हे सविस्तर दिलं होतं. घोटा पूर्ण झाकला पाहिजे. तळाला दात पाहिजेत. पुढची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, म्हणजे पाणी शिरत नाही. उतारावर बोटं पुढे आपटू नयेत म्हणून अंगठ्यापुढे जागा हवी. आणि खरेदी संध्याकाळीच करावी, कारण दिवसभरात पाय फुगतो. हे सगळं मी मायला वाचून, मराठी करून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाया लुगडं नेसते का?"

सीताबर्डीच्या बाजारात आधी गमबूट पाहिले. ते तिच्या गुडघ्यापर्यंत आले आणि ती चालू लागली की बूट जागेवर राहून पाय तेवढा पुढे यायचा. मग कापडी बूट पाहिले. दुकानदार म्हणाला, पाण्यात घातले तरी लवकर वाळतात. मी त्याला सांगितलं की वाळण्याचा प्रश्न येतो म्हणजे बूट नापास. तो म्हणाला, मग बाईंना घरीच का नाही ठेवत? तिथून आम्ही उठलो.

शेवटी कामठी. तिथं पलटणीतून निकाली निघालेला माल विकणारी दुकानं होती. आम्ही (लेखाप्रमाणे) संध्याकाळी पोचलो. म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, "किसके लिए चाहिए? भाई फौज में है?"

"नहीं. माँ के लिए."

त्यानं मायकडे पाहिलं, तिच्या लुगड्याकडे पाहिलं. हसला नाही. आतून स्टूल आणलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बैठो, अम्मा."

माय बसेना. दुकानात बसायचं ते बाबांनी किंवा मी. तिच्या चपला आजवर आम्हीच आणल्या होत्या. अंगणातल्या ओल्या मातीत उमटलेला तिचा पाय दोरीनं मोजायचा आणि दोरी घेऊन बाजारात जायचं. बसली तीही स्टुलाच्या कडेवर. म्हातारा बंद बांधायला खाली वाकला तसे तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले.

"नोको भाऊ. पायाले हात नोको लावू."

"अम्मा, हम तो दिनभर पाँव ही देखते हैं. चेहरा तो पैसे देते वक्त दिखता है."

माय खुदकन हसली आणि पाय बाहेर आले. सगळ्यात लहान माप, दोन जोड मोजे, अंगठ्यापुढे जागा. तळाला खिळे होते. लेखातले दात ते हेच, असं मी ठरवलं. मग मी पाण्याची बादली मागितली. बूट घोट्यापर्यंत बुडवून धरला, आत बोट घालून पाहिलं. कोरडं! मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. (काठ वर ठेवून पाण्यात पेला धरला तरी तो आतून कोरडाच राहतो, हे शाळेत शिकवलेलं त्या वेळी आठवलं नाही.)

घरी आल्यावर मी जवसाच्या तेलात मेण वितळवलं आणि रोज संध्याकाळी बुटांना चोळू लागलो. सगळ्या घराला वास सुटला. बाबा म्हणाले, "पोयाच्या सणाला बैलाचे खांदे बी लोक इतके चोयत नाही." लेखात असंही होतं, की नवा बूट पायाला बसल्याशिवाय डोंगरात नेऊ नये. म्हणून माय उजाडायच्या आत, कुणी पाहू नये अशा बेतानं, गल्लीत चालायला जायची. पण खिळ्यांचा आवाज खाड्‌खाड् गल्लीभर जायचा. कोपऱ्यावरच्या घरात रात्रभर पत्त्यांच्या जुगाराचा अड्डा भरत असे. पहिल्याच दिवशी तिथली मंडळी मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाली. त्यातला एक कितीतरी दिवस भंडाऱ्याला मावशीकडे होता.

झिबलमामा बूट पाहायला आला. माय ओट्यावरून उतरून, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, वळून परत आली. मामा पाहत राहिला.

"बाई, चीनच्या सरहद्दीवर चालली का वं?"

पण नेईन म्हणाला. एका अटीवर: मंडळी खोळंबली, तर तिला वाटेतल्या पहिल्या मुक्कामाच्या तंबूत बसवून पुढे जाईन. मायनं त्याला चहा दिला. त्यात दुप्पट साखर होती.

आणि आम्ही निघालो. पचमढीहून पाऊण तास चाललो असू, माय पाखरासारखी पुढे. मला अभिमानानं भरून आलं. मग पहिला ओढा आला. माय धोंड्यावर बसली आणि बुटांचे बंद सोडू लागली.

मी म्हटलं, काय झालं? चावतात का?

"चावते कायले? पाणी हाये नं पुढं."

"माय, ते पाण्यासाठीच घेतले!"

"येडा का तू? इतके चांगले बूट पाण्यात घालू?"

मी तिला जिभेबद्दल सांगितलं, मेणाबद्दल सांगितलं, बादलीची आठवण करून दिली. तिनं सगळं ऐकलं, दोन्ही बुटांचे बंद एकमेकांना बांधले आणि जोडी माझ्या गळ्यात अडकवली. अनवाणी ओढा ओलांडला. पलीकडे बसली, पाय पुसले, मोजे चढवले, दुसरे मोजे चढवले आणि भोकाभोकातून बंद ओवू लागली. सबंध मंडळी पावसात उभी. मामानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

तिथून गुहेपर्यंत किती ओढे आहेत ते मी मोजले नाहीत, मामानं मोजले. प्रत्येक ओढ्याशी त्याचा आवाज एकेक पट्टी चढत होता. मग मी युक्ती केली. माय एक बूट काढायची तोवर मी दुसरा काढायचा. पलीकडे गेल्यावर ती एक घालायची, मी दुसरा. आम्ही इतके तरबेज झालो, की कुणाची विडी पेटायच्या आत आमचं आटपू लागलं. तंबू मागे पडला. मामा चालतच राहिला. माय पोचली!

गुहेच्या तोंडाशी ही गर्दी. सगळ्यांच्या वहाणांचा ढीग पडला होता. मी माझ्या रबरी चपला तिथं टाकल्या. (मायच्या बुटांच्या अभ्यासात माझ्या पायांचा विचार करायचा राहून गेला होता.) मायनं बूट काढले आणि सवयीनं माझ्या गळ्यात घातले. माझा हात धरून ती रांगेत शिरली. अगदी दाराशी आलो आणि तिथला माणूस ओरडला, "चामडं बाहेर ठेवा!"

बूट काढून ढिगात टाकायचे, एवढंच होतं. मी ढिगाकडे पाहिलं. कामठीचं ते स्टूल आठवलं. जवसाचं तेल आठवलं. कुणी उचलले तर? मी विचार करत होतो. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झाले आहेत: मी विचार करत असतो आणि रांग पुढे जाते. मागून रेटा आला, मायचा हात सुटला, ती आत गेली आणि मी बाजूला फेकला गेलो.

ती दुसऱ्या वाटेनं बाहेर आली. कपाळभर शेंदूर, हातात नारळाची भकलं.

"टेकवलं डोकं?"

मी गळ्यातल्या बुटांकडे बोट दाखवलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. रांग आता पार खालच्या वळणापर्यंत गेली होती आणि अंधार पडायच्या आत उतरायला हवं म्हणून मामा घाई करत होता. मायनं एकदा रांगेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले की पाऊस होता, मला सांगता येणार नाही. मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"तुह्या चपला?"

ढिगात नव्हत्या. मी बूट छातीशी धरून त्याच ढिगाशेजारी उभा असताना कुणीतरी त्या घालून गेला होता. मामा म्हणाला, "याले म्हणते राखणदार."

मी अनवाणी उतरायला लागलो. खुर्चीत बसून मऊ झालेले कारकुनी पाय! प्रत्येक खडा मला नावानं भेटत होता. ओढ्याशी आलो तर पाणी चढलेलं. मायनं बसावं म्हणून मी धोंडा पुसून दिला आणि आपला पुढे झालो. दुसऱ्याच पावलाला घसरलो, गुडघ्यावर आपटलो आणि वाहायला लागणार, एवढ्यात मागून धप्पकन आवाज झाला. कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

माय पाण्यात उभी होती. बुटांसकट. पाणी तिच्या पोटऱ्यांच्या वरून वाहत होतं आणि खिळे तळाच्या दगडांना चावून बसले होते.

"चाल. हात नोको सोडू."

तिथून पुढचे सगळे ओढे तिनं तसेच ओलांडले. बसली नाही, बंद सोडले नाहीत, माझं मनगट सोडलं नाही. प्रत्येक पावलाला बुटांतून भरल्या घागरीसारखा आवाज येत होता. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असल्यामुळे वरून शिरलेलं पाणी बाहेर जायला जागाच नव्हती. लेखात दिलं होतं ते अक्षरशः खरं निघालं.

तंबूत पोचल्यावर तिनं बूट काढून उपडे केले. मी म्हटलं, माय, माझ्यामुळे बूटही गेले आणि नवसही राहिला.

तिनं लुगड्याच्या पदरानं आधी माझे पाय पुसले, मग बूट पुसले. ते शेकोटीपाशी टेकवत म्हणाली, "वाळतीन नं गा. सालभर हाये. आता यावंच लागन पुढच्या साली." आणि झिबलमामाकडे बघून असं काही हसली, की त्या बिचाऱ्यानं फक्त मान हलवली.

मलाही मग बरं वाटलं. देवाचा तरी काय दोष? इतक्या जवळ येऊनही त्यानं मला आत बोलावलं नाही, कारण गळ्यात बूट अडकवून दाराशी उभा असलेला माणूस भक्त असेल, असं कुणालाही वाटलं नसतं!