आजोबा किती वर्षे जगले?

साकोलीच्या बसस्थानकावर मी भजी खात उभा होतो. कुठे जायचे ते ठरले नव्हते, माझे बहुधा तसेच असते. शेजारचे वयस्क गृहस्थ म्हणाले, "तुमचे आजोबा किती वर्षे जगले हो?" ना नाव, ना गाव! मी म्हटले, माहीत नाही. "मग घरी विचारा की," असे म्हणून ते भंडाऱ्याच्या बसमध्ये चढले. मीही चढलो. आदरणीय मेश्राम सरांची नि माझी ओळख ही अशी.

सर कॉलेजात गणित शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांनी एकच प्रश्न धरला : इंग्रजांच्या काळातली सरकारी पेन्शन न्यायाची होती का? माझे शिक्षण अर्धवट, तरी सरांनी मला बसमध्येच समजावले. पेन्शन म्हणजे माणूस किती जगेल याचा अंदाज. तो कोणाच्या आयुष्यावरून बांधला, तिथेच न्याय ठरतो.

साहेबांची आयुष्ये छापील सापडतात, चपराश्यांची कुठे? म्हणून सर गावोगाव जातात. तेरवी असो की बौद्धांचे पुण्यानुमोदन, तिथे म्हातारी मंडळी जमतात, गेलेल्यांच्या वयाच्या गोष्टी निघतात. कोणी डिवचते, "सर, जेवाले आले का वयं इचाराले?" सर म्हणतात, "दोन्हीले. पहिले वांग्याची भाजी वाढा." (भाजी खरेच भारी असते, पण ते राहू द्या.)

असेच एकदा आम्ही कोंढ्याला यशोदाबाईंच्या घरी गेलो. त्यांचे सासरे इंग्रजी अमलात कचेरीत चपराशी होते. पेन्शन सुरू व्हायच्या तोंडावर वारले. सासूने मग दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबून जन्म काढला.

"लोक तिले पांढऱ्या पायाची म्हनत," यशोदाबाई म्हणाल्या. "नवराबी खाल्ला, पेन्शनबी खाल्ली. मरेपर्यंत आयकलं तिनं. सर, तुमी शिकलेले. खरं सांगा, तिचा काई दोष होता का?"

सर खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "नाही, माय. साहेबाले पेन्शन लवकर, चपराश्याले उशिरा. जो कमी जगे, त्यालेच जास्त थांबाले लावलं. नियमच तसा होता. तिच्या पायाचा काय संबंध?"

बाई उठल्या. मग दाराशी जाऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली, "वो शांताबाई, या इकडं! सर काय म्हनून राहिले, आयका!" शांताबाई आल्या, त्यांची जाऊ आली, समोरचे बुवा आले. येईल त्याला सरांनी तेच पुन्हा सांगितले, पहिल्याइतक्याच शांतपणे. चहा थंड झाला, पवनीची बस गेली. एवढे गणित एवढ्या मायेने सांगता येते, हे मी तिथे थक्क होऊन पाहिले.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकासाठी मला लिहायला सांगितले, तेव्हा मी भंडाऱ्याला निघालो आणि वाट सोडून कोंढ्यालाच पोचलो. सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असे मी म्हणणारच. पण यशोदाबाईंनी दिलेला निरोप त्याहून मोठा आहे. तो तसाच पोचवतो :

"सरले सांगजो, माह्या सासऱ्याचं जे जगायचं राहिलं, तेबी तुमीच जगा."