जंबेरीचा फुटवा

माझे सासरे मोकळ्या रानात वाकून चालायचे. पाचोडजवळच्या आमच्या शेतात तेव्हा गुडघाभर कपाशी आणि वर नुसतं आभाळ. तरी विहिरीकडून बांधाकडं जाताना ते मध्येच मान खाली घालत, एक हात कपाळापुढं धरत, थोडं तसंच चालत आणि मग सरळ होत. मला वाटलं, पाठ धरली असेल. नवऱ्याला विचारलं, तर तो दुसरीकडं बघत म्हणाला, "तिथं फांद्या होत्या."

तिथं मोसंबीची बाग होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती ऐन भरात होती. बहार फुटला की फुलांचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. पुढं पाऊस दगा देत गेला. विहीर आटली, टँकरनं झाडं जगवली, मग टँकर भरायलाही पाणी मिळेना. मोसंबी एकदम मरत नाही. आधी शेंडे वाळतात, पानं आत वळतात, आणि मग एखादं झाड असेल नसेल तेवढा जीव एकवटून फुलतं. तसल्या एका वाळत्या झाडाला पांढरंशुभ्र फुललेलं पाहून सासरे घरी आले, पाणीसुद्धा न पिता बसून राहिले आणि म्हणाले, "आता तोडा." करवत चालली तेव्हा मात्र ते तिथून हलले नाहीत. लाकूड वीटभट्टीला गेलं. बुडखे तेवढे जमिनीत राहिले.

मग दरसाल कपाशी. आम्ही दोघं शहरात राहायचो. नवरा वाळूजच्या कारखान्यात, मी शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी शेतावर गेलं की जमीन आणखी कडक झालेली दिसायची. पावसानं ओढ दिली की सगळं रान उघडं. माझ्या मनानं घेतलं, की एकदा मुळं धरली की पावसावर तगतील अशी झाडं लावायची: सीताफळ, चिंच, जांभूळ, बोर, शेवगा. ती मोठी होईतो मध्ये तूर आणि बाजरी. एकाला फळ नाही आलं, तर दुसऱ्याला येईल. पाला जमिनीलाच मिळेल.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते म्हणाले, "झाड नको लावू, माय. पीक मेलं तर एक साल जातं. झाड मेलं की ते जागेवरून उठत नाय."

तरी आम्ही उन्हाळ्यात खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्यात टिकाव जुन्या मुळांवर आदळायचा. मजूर बाया मुळं उपटून ढीग लावत होत्या. एक जाड मूळ मोडलं तेव्हा मला मोसंबीच्या सालीचा वास आला. बाकी कुणालाच आला नाही. मामा बांधावर बसून, मध्येच त्यांच्या सवयीचं कोरडं खोकत, बघत होते. बायांनी ढीग पेटवायला घेतला तसे ते उठून आले.

"जाळू नका," म्हणाले. "रानाचं रानाला परत द्या."

ती मुळं त्यांनी स्वतःच्या हातानं खड्ड्यांत पसरली आणि त्यावर माती ओढली. पुढं रोपं लावताना ते हजर होते, पण एकाही रोपाला त्यांनी हात लावला नाही.

त्या पावसाळ्यात विहिरीजवळचा एक बुडखा फुटला. इतक्या वर्षांनी हिरवी, तुकतुकीत पानं. नवरा ओरडत घराकडं पळाला, "आबा, मोसंबी फुटली!" मामा अनवाणीच आले. एक पान चुरगाळून नाकाशी धरलं, काट्यावरून बोट फिरवलं.

"ही ती नाय," ते म्हणाले. "ही खालची."

मोसंबीचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. आंबट, काटेरी, रानटी लिंबू ते. वरची मोसंबी मेली होती आणि खालची जंबेरी अंधारात तग धरून राहिली होती.

"काढून टाकायची का?" मी विचारलं.

"कामून? राहू दे. एवढी सालं तिला कुणी पाह्यलंच नाय."

त्या दिवसापासून ते रोज जंबेरीपाशी बसायचे. नव्या रोपांनाही पाणी घालायला लागले. वाकून चालणं काही सुटलं नाही.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी माणसं ओळखेनात. एका सकाळी मात्र अगदी स्पष्ट विचारलं, "बहार धरला का?"

कुठल्या बागेचा, ते आम्हा दोघांनाही कळलं. नवरा त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "व्हय आबा. लई फूल हाय." त्याच आठवड्यात ते गेले.

झाडं सगळी जगली नाहीत. जांभळं बरीच गेली. चिंचा अजून माझ्या खांद्याला लागत नाहीत. शेवगा आणि सीताफळ मात्र धरलं. गेल्या पावसाळ्यात आसपासची कपाशी पाण्यात कुजून झोपली, तेव्हा आमची सीताफळं उभी होती. काही फळं काळी पडली, तरी माल निघाला. पूर्वी आमची मोसंबी उचलणारे पाचोडचे व्यापारी चाचाच सीताफळ बघायला आले. बाग फिरले, पण विहिरीच्या अलीकडंच थांबले.

"आगे नक्को, बेटी," ते म्हणाले. "उधर मेरेकू अब्बी भी मोसंबी दिखती."

मी विज्ञान शिकवते. नसलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, असं मुलांना सांगते. पण दिवाळीच्या तोंडावर तोडणी चालली होती, भर दुपार होती, आणि पलीकडच्या ओळीतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, घसा साफ करण्यापुरता. नवरा माझ्याच ओळीत होता. त्याचा हात फळावर थांबला.

"तुला आलं ऐकू?" त्यानं विचारलं.

"आलं."

पलीकडं जाऊन बघावं, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. सीताफळानं डोळे उघडले, खवल्यांमधल्या भेगा पांढऱ्या झाल्या, की ते झाडावर थांबत नाही, हातातच फुटतं. आम्ही टोपली पुढं सरकवली आणि तोडत राहिलो.