कुमुदताईंच्या बाहेरच्या खोलीतले रविवार

कुमुदताई राऊत यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मी आधी नकार दिला. ज्या प्रसंगातून ताई मला खऱ्या अर्थाने कळल्या, त्यात माझी बाजू चांगली नाही. पण तो प्रसंग गाळून लिहिण्यात अर्थ नव्हता.

बारा वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला. मुलगी अनघा तेव्हा सात वर्षांची होती. तिचा ताबा माझ्याकडे आणि दर रविवारी अकरा ते पाच ती वडिलांकडे, असा न्यायालयाचा आदेश होता. आम्ही दोघे समोरासमोर आलो की भांडण ठरलेले. म्हणून वकिलांनी ताईंचे तुळिंजचे घर सुचवले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर ताई अशा मुलांची ने-आण आपल्या बाहेरच्या खोलीतून करवीत असत.

पहिल्याच दिवशी मी माजी नवऱ्याविषयी तक्रारी सुरू केल्या. ताईंनी मला थांबवले. "ते वकिलांना सांगा. हिला तिखट चालतं का? दुपारी झोपते का?" माझी उत्तरे त्यांनी कागदावर लिहिली आणि तो कागद अनघाच्या वडिलांच्या, म्हणजे सुधीरच्या हाती दिला. मला त्यांचा रागच आला.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी पाच वाजले, साडेपाच वाजले, तरी अनघा परतली नाही. सुधीरचा फोन बंद होता. मी पोलिसांत जायला उठले. ताई म्हणाल्या, "जाऊ. मीही येते. आधी तिच्या आजीला विचारू." सुधीरच्या आई जवळच्या चांदीप गावी राहत. त्यांनी फोन उचलला.

"पोरगी इथंच हाय, बाई. आताच पानी पिऊन बसलीय. पन तो सोडायचा नाय म्हनतो."

पोलिसांकडे न जाता आम्ही रिक्षा केली. वाटेत मी सुधीरला वाटेल ते बोलत होते. वाटेतले वालीव गाव मागे पडल्यावर ताईंनी शांतपणे विचारले, "गेले पाच रविवार तुम्ही मुलीला किती वाजता आणलंत?"

मी रिक्षावाल्याला वेग वाढवायला सांगितले. ताईंनीच उत्तर दिले.

"बारानंतर. एकदा तर ताप आहे म्हणून आणलंच नाहीत. होता का ताप?"

"नव्हता," मी म्हटले.

"मला संशय आला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. ती माझी चूक."

चांदीपला पोहोचलो तेव्हा सुधीर दारात आडवा उभा होता. आत अनघा बूट घालून, पाठीला पिशवी लावून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच वडिलांकडे पाहिले. ती जागची हलली नाही.

"दर वेळी माझा तास-दीड तास खाते ही," सुधीर म्हणाला. "आता कोर्टानं मला बोलवू दे."

"बोलवेल. मग हे रविवारही जातील," ताई म्हणाल्या.

"मग तिलाच विचारा कुणाकडं राहायचंय. सांग गं, अनू."

"तिला विचारायचं नाही." ताईंचा आवाज मी एवढा कठोर कधी ऐकला नव्हता. "सात वर्षांच्या मुलीनं दोघांतलं एक माणूस सोडायचं का?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "रिक्षात मला सांगितलंत ते यांना सांगा."

सासूबाई ऐकत होत्या, रिक्षावाला ऐकत होता. तरी मी म्हटले, "मी मुद्दाम उशीर करत होते. तापाचंही खोटं होतं."

सुधीर पायरीवर बसला. म्हणाला, "त्या रविवारी मी औषध घेऊन ताईंच्या दारात उभा होतो." मग उठून त्याने अनघाचा हात धरला आणि तिला रिक्षापर्यंत आणून सोडले.

ताईंच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी आपापल्या वकिलांना सगळे खरे सांगितले. पुढे दोघांनी मिळून अर्ज केला आणि एका आड एक शनिवारी अनघा चांदीपला मुक्कामाला जाऊ लागली. अशा पहिल्या शनिवारी रिकाम्या घरात माझे मन लागेना. ताईंचा फोन आला, "वाल भिजवलेत, सोलायला या." दोन तास आम्ही वाल सोलत बसलो. त्यांनी माझे सांत्वन केले नाही की उपदेशही केला नाही. त्याच वालांचे बिरडे मात्र पोटभर जेवू घातले.

पुढे मीच त्यांच्या हाताखाली काम करू लागले. आता कोणी उशीर केला तर ताई त्याच दिवशी त्याच्याशी बोलतात. मुलगी आणणारी आई असो वा न्यायला आलेला बाप, दोघांनाही एकाच स्वरात विचारतात. काही पालक रागावून जातात. एकाने तर खोलीची खिडकी फोडली होती. पुढच्या रविवारी ताईंनी त्याच्या मुलाला नेहमीप्रमाणे खाऊ दिला आणि वडिलांना समोर खुर्ची दिली.

सुधीर आणि मी मित्र झालो नाही. मुलीपुरते बोलतो. अनघा आज नर्सिंग शिकते आहे. दोन्ही घरांच्या किल्ल्या तिच्याजवळ असतात, आणि आज कुठे राहणार हे ती आम्हाला बिनधास्त सांगून टाकते.

ताईंनी आता डॉक्टरांचे ऐकावे, दुपारी निवांत पडावे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्या शंभरीचा ग्रंथ काढण्याचे भाग्य आम्हाला मिळो. तेव्हा लेख माझ्याकडून नको, अनघाकडून घ्यावा.