हो, नाही आणि बघू

डांबराच्या गोळ्यांचा वास इतरांना कपाटातल्या रेशमी साड्यांकडे नेत असेल. मला तो आमच्या महाविद्यालयाच्या सर्व्हर-खोलीत नेऊन उभा करतो. लोणावळ्याच्या हवेत त्या खोलीच्या भिंतींना बारमाही घाम असे. त्या ओलीचा मातकट गंध एकीकडे, यंत्रांच्या पंख्यांतून येणाऱ्या तापल्या धुळीचा कोरडा गंध दुसरीकडे, आणि दोघांच्या भांडणात पंच म्हणून बसवल्यासारख्या कोपऱ्याकोपऱ्यांत त्या पांढऱ्या गोळ्या. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून भाऊंनी त्या ठेवल्या होत्या.

"मग, गेले का उंदीर?" मी रुजू झाले त्या दिवशी विचारले होते.

"त्यास्नी वास लय आवडला बगा," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "आदी एकटं यायचं, आता सहकुटुंब येत्यात."

भाऊ इंदुरीचे. नदीकाठी घरची शेती, गोठ्यात दोन म्हशी. पण त्यांची हयात गेली ती युनिक्स या प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांना दाणापाणी करण्यात. मी त्यांची मदतनीस. माझे शिक्षण कवितेचे; संगणकाचा अभ्यासक्रम मी पुढे पोटासाठी केला, आणि ही गोष्ट भाऊंच्या कानी गेल्यापासून माझी सुटका नव्हती. पडद्यावर चुकांच्या ओळी धो धो वाहू लागल्या की ते चष्मा कपाळावर सारत आणि म्हणत, "ताई, बगा बरं, ह्यात कुटं यमक जुळतंय का. मला तर काय अर्थ लागंना."

आमच्या खोलीतला सर्वांत महत्त्वाचा जीव म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. महाविद्यालयातल्या प्रत्येकाचे नाव, विभाग आणि पासवर्ड या एकाच ठिकाणी असतो. ग्रंथालयाचे यंत्र असो, मेस असो की वसतिगृहाची हजेरी, कुणीही लॉगिन करू लागले की तो तो प्रोग्रॅम मागच्या दाराने येऊन डिरेक्टरीला हळूच विचारतो, 'हा आपलाच ना?' डिरेक्टरीने मान हलवली तर दार उघडते. तिचे जुने यंत्र आता थकले होते. त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा श्वास घेई आणि मध्येच थांबून आम्हा दोघांच्याही काळजाचा ठोका चुकवी.

नवे यंत्र आले, आणि प्राचार्यबाईंनी आम्हांला बोलावून घेतले. त्या पुण्याहून येऊन-जाऊन असत आणि बोलताना शब्द मोजून, कापून देत.

"भाऊ महिनाअखेर निवृत्त होतायत. पुण्याची एक कंपनी हे सगळं सांभाळायला तयार आहे. पण तुम्ही म्हणताय की इथेच होईल. ठीक. शनिवारी दुपारी मी येईन तेव्हा माझं लॉगिन नव्या यंत्रावरून चाललं, तर काम इथेच राहील, या बाईंकडे. नाही चाललं, तर कंपनीला देते." मग माझ्याकडे वळून जराशा मऊपणाने, "तुमचं ग्रंथालयात वगैरे काहीतरी बघू."

बाहेर आल्यावर मी भाऊंना विचारले, "मला जमेल, भाऊ?"

"बगू की," भाऊ म्हणाले.

मावळात राहणाऱ्याला या शब्दाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तोंडावर 'नाही' म्हणणे इथे अशिष्ट समजतात. मुलगी पाहायला आलेले पाहुणे पोहे संपवून 'बघू, कळवतो' म्हणतात, आणि घरातली लहान पोरेसुद्धा बश्या उचलता उचलता समजून जातात. जमिनीचा सौदा, जत्रेची वर्गणी, शेजाऱ्याला हवा असलेला ट्रॅक्टर, सगळीकडे हा एक शब्द उशीसारखा मध्ये ठेवतात. कुणालाच लागत नाही. भाऊ तर या शब्दाचे पीठाधीश. त्यांनी कुणालाही सरळ नकार दिल्याचे मी ऐकलेले नव्हते.

आमच्या जातीच्या युनिक्ससाठी तयार, शिजवलेले डिरेक्टरी सॉफ्टवेअर मिळत नव्हते. मूळ प्रोग्रॅम आणून तो आमच्याच यंत्रावर बांधून घ्यायचा होता. बांधण्याआधी 'कॉन्फिगर' नावाची आज्ञा चालवावी लागते. ही आज्ञा म्हणजे लग्नाआधीची बैठक. घरात काय आहे, काय नाही याची ती खोदून चौकशी करते, आणि आपण मागितलेल्या प्रत्येक गोष्टीला तीनपैकी एक उत्तर घेते: हो, नाही, किंवा 'तूच बघ, सापडलं तर घे.'

बुधवारी सकाळी आम्ही त्या बैठकीला बसलो. खिडकीबाहेर धुके इतके दाट होते की समोरचे चाफ्याचे झाड असल्याची खूण फक्त वासाने पटत होती. भाऊ एकेक पर्याय वाचत आणि मी कौल देई.

"हे सगळं ठेवायचं कुटं? यंत्राच्या सामायिक जागेत का आपली निराळी खोली?"

"सामायिक जागा सोयीची नाही का?"

"ताई, सामायिक म्हनलं की भाऊबंदकी आली. उद्या ह्याची फाईल त्याच्या फाईलीवर पडती, मग ह्यो म्हनतो माझी, त्यो म्हनतो माझी. निराळं घर बरं."

निराळे घर ठरले. माहिती साठवण्याच्या पद्धती अनेक होत्या. त्यांतली एक हवी होती. बाकीच्यांना सरळ 'नाही' लिहावे, असे मी सुचवले.

"नगं, नगं," भाऊ कळवळले. "सरळ न्हाई कशाला म्हनायचं? ऱ्हाऊ द्या मोकळं. त्याचं त्यो बगंल."

आणि मी राहू दिले. पासवर्ड बाहेर कुणाला वाचता येऊ नये म्हणून संभाषण कुलूपबंद करणारी एक सोय असते. आमची सगळी यंत्रे त्या कुलुपाशिवाय डिरेक्टरीशी बोलतच नसत. त्या सोयीसमोर तर मोठ्या अक्षरांत 'हो' लिहायला हवे होते. पण तोवर आम्ही दोघेही सौजन्याच्या भरात आलो होतो. कुलूप घरात आहेच, कॉन्फिगरला ते सापडेलच, त्याला दम कशाला द्यायचा? तिथेही आम्ही 'तूच बघ' असेच ठेवले.

कॉन्फिगर चालू लागले. ओळीमागून ओळी उमटू लागल्या: अमुक आहे का, आहे, तमुक आहे का, आहे. त्या होकारांना एक लय होती, ओवीच्या शेवटी दळणाचे जाते जसे एकाच ठिकाणी किंचित अडखळते तशी. मी ती लय ऐकत बसले आणि अर्थाकडे माझे दुर्लक्ष झाले. कवितेच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. मग प्रत्यक्ष बांधणीची, 'मेक'ची आज्ञा दिली, यंत्र तापले, पंखे घुमू लागले. शेवटी चाचण्या लागल्या. सगळ्या उत्तीर्ण झाल्या. एक चाचणी तेवढी 'वगळली' असे म्हणून पुढे गेली.

"वगळली म्हणजे काय हो, भाऊ?"

"नापास तर न्हाई ना? मग झालं."

कुलपाचे प्रमाणपत्र, म्हणजे हीच खरी डिरेक्टरी असे इतर यंत्रांना पटवणारी फाईल, जुन्या यंत्रावर होते, आणि ते शनिवारीच हलवायचे ठरले होते. शनिवारी सकाळी आम्ही जुने यंत्र थांबवले. त्याचा पंखा बंद पडला तेव्हा खोलीत एक अशी पोकळी झाली, की भाऊ नकळत खोकले. प्रमाणपत्र नव्या यंत्रावर आणले, त्याच्या ओळी मांडणीच्या फाईलमध्ये लिहिल्या आणि नवी डिरेक्टरी सुरू केली.

ती उठलीच नाही. एक ओळ दाखवून गप्प झाली: प्रमाणपत्र म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही.

इतक्यात फोन वाजला. ग्रंथालयातून आपा बोलत होत्या. आपा म्हणजे आमच्या ग्रंथपाल. लोणावळ्यातच वाढलेल्या, घरचे चिक्कीचे दुकान, जीभही त्याच पाकातली, गोड आणि कडक.

"काय गं, हा तुमचा नवा दरवान मला ओळखत नाही म्हणतो! वीस वर्षं मी इथे पुस्तकं देतेय. आता काय निकाहनामा आणून दाखवू?"

"आपा, जरा थांबा ना. करतोय."

"थांबते की. पण प्राचार्यबाई पुण्याहून निघाल्यात. आत्ताच त्यांचा मला फोन होता, संध्याकाळसाठी पुस्तकं काढून ठेवायला सांगितलंय. मला आत जाता आलं तर काढीन ना!"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, आसं करू. जुनं चालू करू. बाईंस्नी सांगू, जवळजवळ झालंय, पुडच्या आटवड्यात बगतो."

'बगतो' म्हणजे काय, हे प्राचार्यबाईंनाही चांगलेच कळले असते. पुण्याची कंपनी सोमवारी दारात उभी राहिली असती आणि मी पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवत बसले असते. भाऊंचा शब्द मी आजवर मोडला नव्हता.

"नाही, भाऊ," मी म्हटले.

माझा आवाज मलाच परका वाटला. भाऊ माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी पाहुण्यांसमोरून पोह्यांची बशी उचलून नेली होती.

"नाही. जुनं चालू नाही करायचं. आज हेच उभं करायचं."

मी कॉन्फिगरची बुधवारची सगळी बडबड पुन्हा उघडली. कॉन्फिगर आपला प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर लिहून ठेवते. या वेळी लय न ऐकता वाचली. होकारांच्या त्या लांबलचक रांगेत मध्येच एक नकार होता, आणि त्याखाली एक विनम्र सूचना: कुलूप सापडले नाही, त्याशिवाय पुढे जातो. बिचाऱ्याने आमचेच ऐकले होते. आम्ही म्हटले बघ. त्याने पाहिले, मिळाले नाही, आणि आम्हांला वाईट वाटू नये म्हणून फार गाजावाजा न करता काम पुरे केले. ती वगळलेली चाचणीही कुलपाचीच होती.

"पन कुलूप तर हाय की यंत्रावर!" भाऊ म्हणाले. "मी सोता टाकलंय."

कुलूप होते. ते चालवण्याच्या फायली होत्या. पण दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याला कसे जोडून घ्यावे हे सांगणाऱ्या हेडर फायली टाकायच्या राहिल्या होत्या. मी तसे सांगताच भाऊंच्या ओठांच्या कडा हलल्या.

"म्हंजी बैल हाईत, पन जू न्हाई."

"आणि आपण बैलांना म्हटलं, बघा बुवा तुम्हीच."

तेवढ्यात आपांचा पुन्हा फोन. "खुशखबर! बाई अडकल्यात. सगळी मुंबई आज धरणावर भजी खायला उतरलीये, गाड्या हलत नाहीत. देवाने तुमच्यासाठी पर्यटक पाठवलेत, आता तरी त्यांना नावं ठेवू नका."

यंत्राबरोबर आलेल्या डिस्कवरून हेडर फायली घातल्या. मग मी बुधवारची सगळी बांधणी पुसून टाकली. भाऊंनी सुस्कारा सोडला. पर्यायांची ओळ नव्याने लिहायला घेतली, तेव्हा एकेक 'तूच बघ' खोडला. साठवणीची एक पद्धत: हो. बाकीच्या: नाही, नाही, नाही. कुलूप: हो, आणि कोणते ते नाव घेऊन, म्हणजे ते मिळाले नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबेल आणि आमच्या तोंडावर सांगेल.

"लय कडक झालं हो," भाऊ पुटपुटले. "सोयरीक मोडायची."

"मोडली तर आत्ताच मोडू दे."

मोडली नाही. कुलपाच्या ओळीपुढे या वेळी 'आहे' उमटले. मेक सुरू झाले. ती घरघर चालू असताना आपांनी चिक्कीच्या तुकड्यांची पुडी शिपायाबरोबर पाठवली; भाऊंनी तीळ-गुळाचा एक तुकडा उगाच बराच वेळ चघळला. चाचण्या गाळून वेळ वाचवावा, असे त्यांना वाटत असावे. त्यांनी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि दुसरा तुकडा तोंडात टाकला. कुलपाची चाचणी आली. वगळली नाही, उत्तीर्ण झाली.

डिरेक्टरी सुरू केली. ती उठली. जरा वेळाने फोनवरून आपांचा आवाज आला, "ओळखलं बाई, ओळखलं! नावासकट!"

प्राचार्यबाई आल्या तेव्हा त्यांच्या साडीला गाडीतल्या तासांच्या चुण्या आणि दुसऱ्याने खाल्लेल्या कांदाभज्यांचा वास होता. त्या आमच्याच खोलीतल्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या, उभ्यानेच नाव टाकले, पासवर्ड टाकला. त्यांचे पान उघडले. त्यांनी दोन ओळी वाचल्या, लॉगआउट केले, पुन्हा लॉगिन करून पाहिले.

"हं," त्या म्हणाल्या. "कंपनीला मी नको कळवते." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि इथे तो वास कसला येतोय? काहीतरी करा त्याचं."

"बगतो," भाऊ सवयीने म्हणाले.

त्या गेल्या. खोलीत नव्या यंत्राचा आवाज तेवढा राहिला. अजून त्याच्याशी ओळख नव्हती. भाऊंनी टेबलावरची आपली तंबाखूची पितळी डबी उचलून खिशात घातली, पडद्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. मी भिंतीला टेकून उभी होते. सकाळपासून उभीच होते, हे मला तेव्हा पायांनी सांगितले. भाऊ मुख्य यंत्रासमोरच्या खुर्चीतून उठले, ती माझ्या बाजूला वळवली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले,

"बसा."