खरं भुंकणारा

संध्याकाळचं ऊन इमारतीच्या मागच्या भिंतीवरून खाली सरकायला लागलं की मला घोर लागायचा. आता हा उठणार. आता नाक वर करणार. आता बाल्कनीच्या ग्रिलपाशी जाणार आणि आमच्या अख्ख्या पालेगावाला ऐकू जाईल असा गळा काढणार. चहाचं आधण ठेवलेलं असायचं, ते आटून जायचं. माझं लक्ष त्याच्या नाकाकडे.

हा म्हणजे आमचा कुत्रा. बीगल जातीचा. लांब लोंबते कान, पाठीवर काळी झूल टाकल्यासारखा रंग, आणि शेपटीचं टोक पांढरं, चुन्यात बुडवल्यासारखं. मुलीनं आणला. उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, तिच्या ओळखीच्या एका सिंधी बाईंचं कपड्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. त्यांनी हौसेनं पिल्लू घेतलं आणि वर्षभरात हात टेकले. आम्ही न्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "ले जाओ माँजी. ये कुत्ता नहीं, बँडवाला है. कस्टमर भाव पूछता है तो जवाब ये देता है."

मी हसले. तेव्हा हसायला काय जात होतं!

खरं सांगायचं तर मला तो नकोच होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरातच असायची. मुलगी सकाळी नोकरीला जाते, ती दिवे लागल्यावर येते. पण हा आला आणि त्याला खाली न्यायचं म्हणून मी जिना उतरायला लागले. डॉक्टरनं सांगून मी उतरले नव्हते, मुलीनं रागावून उतरले नव्हते. हा नुसता दारापाशी बसून पट्ट्याकडे बघायचा, की मी चप्पल शोधायची. आता त्याला कुणी नेतो म्हटलं असतं तरी मी दिला नसता. आणि नेमकं तेच सुरू झालं.

सोसायटीतल्या लोकांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आयुष्यभर कारखान्यात मशीनच्या आवाजात काढलेलं, आता रिटायर होऊन दोन घटका शांतता हवी म्हणून इथं आलेले. त्यांनी आधी गोडीत सांगितलं. मग बायकांनी लाल रंगाच्या पाण्याच्या बाटल्या भरून जिन्यात आणि गेटपाशी ठेवल्या. लाल पाणी बघून कुत्रं फिरकत नाही म्हणतात ना! आमच्या ह्यानं एकेक बाटली हुंगली, एकीचं बूच चावून बघितलं, आणि पुढे गेला. हा डोळ्यांनी चालणारा कुत्राच नाही. ह्याचं सगळं जग नाकात.

शेवटी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली. "वहिनी, राग मानू नका," भाऊ म्हणाले. "कुणी दारात आलं म्हणून भुंकला तर समजतं. पण हा उगाच भुंकतो. तिकडे मागे काही नाही, कुणी नाही, आणि ह्याचं चालूच."

ठरलं असं, की महिनाअखेरीपर्यंत भुंकणं थांबलं नाही तर कुत्रा बाहेर. मुलीनं चौकशी केली. सिंधी बाई परत घ्यायला तयार नव्हत्या. मुलीच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी बदलापूरपलीकडे फार्महाऊस होतं, तिथं ठेवतो म्हणाले. राखणीला, साखळीवर. "आई, निदान खायला तरी मिळेल," ती म्हणाली आणि तोंड फिरवून कपडे वाळत घालायला गेली.

मला मात्र भाऊंचा तो एक शब्द टोचत राहिला. उगाच.

माझं माहेर बदलापूरच्या पुढचं, डोंगराच्या पायथ्याचं. माझ्या लहानपणी वडील आणि चुलते सशाच्या शिकारीला जायचे. तेव्हा चालायचं ते. आता कायद्यानं बंद आहे आणि बरंच झालं, पण तेव्हा चालायचं. कुत्री साधी गावठी. त्यातलं एखादंच कामाचं निघायचं. वडील बांधावर बसून डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचे. एखाद्या कुत्र्याचा आवाज आला की म्हणायचे, "हा खोटा बोलतोय." म्हणजे त्याला वास लागलेलाच नाही, दुसरा ओरडला म्हणून हाही ओरडतो. असल्या कुत्र्याला पुन्हा नेत नसत. आणि एखादा लांबलचक आवाज आला, तुतारी फुंकल्यासारखा, की उठून उभे राहायचे. "हा खरा." भुंकणं वेगळं आणि माग लागल्यावरचा आवाज वेगळा. पहिला गळ्यातून येतो, दुसरा पोटातून.

मग मी एका संध्याकाळी बाल्कनीत स्टूल टाकून त्याच्याजवळ बसले. ऊन उतरलं, जमीन गार व्हायला लागली. वडील म्हणायचे, ऊन उतरलं की वास उठतो. आमच्या मागे भिंतीपलीकडे एक मोकळा प्लॉट आहे, माणूस बुडेल एवढं गवत, पलीकडे टेकडी. ह्याच्या नाकपुड्या थरथरायला लागल्या. आधी बारीक कुईकुई. मग एक भुंकणं, विचारल्यासारखं. आणि मग तो आवाज आला. आऽऽऊ. पोटातून. मी स्टुलावरून उठून उभी राहिले. इतक्या वर्षांनी, तिसऱ्या मजल्यावर, तोच आवाज!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन मी भिंतीच्या कडेनं चालले. भिंतीला एके ठिकाणी खिंडार आहे, तिथं ओल्या मातीत लेंड्या पडलेल्या. वाटाण्याएवढ्या, गोल, गवताच्या. त्या मी कशी विसरेन! हा उगाच भुंकत नव्हता. मागे ससा होता.

पण सांगू कुणाला? सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी फास लावला असता. कुत्रा वाचवायला ससा द्यायचा? जीभ रेटेना. आणि महिना तर संपत आलेला. रात्री डोळ्याला डोळा लागेना, दिवसा हातातलं काम सुटायचं. अशा वेळी बाई काय करते? मी दृष्ट काढली.

हसू नका. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या, त्याच्यावरून उतरवल्या आणि लोखंडी तव्यावर टाकल्या. आता दृष्टीचा नियम तुम्हाला माहीत आहे. मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती, लागला तर नव्हती. आणि ठसका कसला लागला म्हणता! सुट्टी म्हणून घरी असलेली मुलगी खोकत खोकत बाहेर पळाली. "आई, नव्हतीच गं दृष्ट! खिडकी उघड!" हा पंजानं नाक घासत पलंगाखाली गेला.

त्या संध्याकाळी तो भुंकला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या मजल्यावरची बाई मूठभर मिरच्या घेऊन दारात. "मावशी, गावच्या आहेत, चांगल्या झणझणीत. रोज उतरवत जा हो. काय गुण आला!" जिन्यात भाऊ भेटले, हात जोडले. मुलगी म्हणाली, "बघ, राहील आता तो." सगळे खूश.

आणि घरात हा. भाकरीचा तुकडा समोर टाकला तर त्याला सापडेना. तुकडा पायाशी आणि हा भलतीकडे बघतोय. मी बाहेरून आले तर आधी पायाशी येऊन पदर हुंगायचा, आता लांब उभा राहून माझ्याकडे बघत राहिला, परक्या बाईकडे बघावं तसा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून पहिलीत. बसेना, झोपेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दृष्ट कसली उतरते! त्या धुरानं त्याचं नाक गेलं होतं. नाकच नाही तर भुंकणार कशाला?

मुलीला सांगितलं. तिनं ओट्यावरच्या मिरच्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, थोडीशी जाळली तर? अगदी थोडी? नाहीतर साखळी आहेच."

"त्यापेक्षा साखळी बरी," मी म्हणाले. "तिथं निदान त्याला कळेल तरी तो कुठं आहे." मिरच्या मी डब्यात भरल्या आणि फोडणीला वापरल्या.

हळूहळू नाक परतलं. आधी भाकरी सापडली, मग माझा पदर. आणि मग एका रविवारी संध्याकाळी आम्ही मायलेकी त्याला खाली घेऊन गेलो, तर भिंतीच्या खिंडारापाशी त्यानं असा हिसका दिला की पट्टा मुलीच्या हातून सुटला. गेला! गवतात नुसतं पांढरं टोक दिसलं, इकडून तिकडे, आणि तो आवाज. आऽऽऊ, आऽऽऊ.

मुलगी धावली, वॉचमन धावला, खाली क्रिकेट खेळणारी पोरं धावली. टेकडीखालून मोठा रस्ता जातो, खडी भरलेले डंपर सुसाट असतात. "आई, तू वर जा!" मुलगी ओरडली. मी गेले नाही. खिंडारापाशी उभी राहिले. पळणं माझ्या गुडघ्यात नव्हतंच, पण ते कारण नाही. वडिलांचं एक वाक्य होतं. ससा आपली जागा सोडत नाही, गोल फिरून तिथंच येतो. पळायचं काम कुत्र्याचं, उभं राहायचं काम माणसाचं.

उभं राहणं सोपं नाही हो. आवाज टेकडीकडे गेला. मग रस्त्याकडे वळला. एक डंपर कर्कश हॉर्न देऊन गेला, आणि त्यानंतर काहीच नाही.  वडिलांचा ससा वेगळा, डोंगर वेगळा. ह्या सशाच्या वाटेत इमारती, पत्रे, खड्डे. तो तरी गोल कसा फिरणार? आपण इथं खुंट्यासारख्या उभ्या, आणि तिकडे तो पडला असेल तर?

मागून चपलांचा आवाज आला. तळमजल्याचे भाऊ. शेजारी येऊन उभे राहिले. मान तिरकी करून कान लावला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वहिनी, भुंकत का नाही हो आता?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं. पण आम्ही दोघंही ऐकतच राहिलो.

आणि आला. लांबून, बारीक, मग मोठा होत होत. "आला, आला!" भाऊ लहान पोरासारखे ओरडले. मी त्यांचा हात दाबला, गप्प. समोरचं गवत हललं आणि ससा बाहेर आला. कान पाठीला चिकटलेले, डोळे बाजूला. आमच्या पायांपासून हातभर अंतरावरून खिंडार ओलांडून गेला, कडेच्या झुडपात. मागोमाग हा, नाक जमिनीला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. मी मागून घसटत येणाऱ्या पट्ट्यावर दोन्ही पाय दिले. पडलेच असते, भाऊंनी धरलं.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे होता तर."

"कुणाला सांगू नका भाऊ."

"मी कशाला सांगतोय." मग कुत्र्याकडे बघत म्हणाले, "किती वाजता सुरू होतो हा रोज? तेवढा वेळ मी टीव्ही मोठा लावीन."

महिनाअखेरच्या सभेत त्यांनीच विषय काढू दिला नाही. खिंडारात त्यांनी स्वतः विटा रचल्या, खाली एक फट ठेवून. कुत्रा जाणार नाही एवढी.

तर हा राहिला. पण घोर काही गेला नाही माझा. गेल्या आठवड्यात मागच्या प्लॉटमध्ये माणसं आली होती, दोऱ्या लावून मापं घेत. कोपऱ्यात चुन्याची फक्की टाकली आहे. गवत आता थोड्याच दिवसांचं. मग संध्याकाळी हा ग्रिलपाशी जाईल, नाक वर करेल, आणि सिमेंटशिवाय काही येणार नाही. सोसायटीला शांतता मिळेल.

ऊन उतरायला लागलं आहे. हा उठला. चहा ठेवला आहे, तो आटेल. मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले आहे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला आहे. नाकपुड्या हलतायत. खालून भाऊंचा टीव्ही अजून लागला नाही. तेही ऐकत असणार.

भुंक रे बाबा. भुंक.