रेल्वे कॉरिडॉरवर अक्कांचं माहेर

सासूबाई पुण्याहून आल्या आणि आम्ही मरीना बे, बोटॅनिक गार्डन वगैरे नेहमीचं सगळं उरकलं. रेल्वे कॉरिडॉर, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची आता केलेली पायवाट, ठरला तो लक्ष्मीअक्कांमुळे. या आमच्या बुकित बातोकमधल्या शेजारीण. पुढच्या आठवड्यात नोव्हेनाच्या हॉस्पिटलात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्याआधी लहानपणचं घर बघायचंय म्हणाल्या. त्यांचे आजी-आजोबा तमिळनाडूतून बोटीने आले ते इथली रेल्वे बांधायला. आजोबा रूळ टाकायचे, आजी डोक्यावरून खडी वाहायची. अक्का रुळांलगतच्या मजुरांच्या चाळीतच वाढल्या.

तुम्ही जाणार असाल तर किंग अल्बर्ट पार्क एमआरटीला, म्हणजे मेट्रो स्टेशनला, उतरा. तिकीटबिकीट काही नाही, वाट सपाट. पण सकाळीच जा, नंतर ऊन जीव काढतं. आम्ही गुडघ्याचे लाड म्हणून टॅक्सी केली. जुनं स्टेशन काय छान राखलंय! थोडे रूळ, खडी, लोखंडी पूल. मी फोटो काढतच सुटले.

अक्का मात्र साडीवर स्पोर्ट्स शूज घालून पलीकडे बघत उभ्या. चाळीच्या जागी नुसतं गवत.

"नथिंग लेफ्ट लाह. गो होम," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, मीच तर हौसेने आणलं होतं.

सासूबाईंनी पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले. बाई माहेरी निघालीय म्हणून घरूनच घेतले होते! अक्का मागे सरकल्या. विधवेची ओटी भरत नाहीत, त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, मी सासूबाईंना मराठीत.

"मीही विधवाच आहे. माहेरून लेक रिकामी जात नाही. पदर धर म्हणावं तिला."

अक्कांनी पदर धरला. ओटीतले चार दाणे माहेरी ठेवायचे असतात, म्हणजे ते घर भरलेलं राहतं, हेही सासूबाईंनी सांगायला लावलं. ठेवणार कुठे? अक्का माझ्या खांद्याचा आधार घेत वाकल्या आणि दाणे रुळांमधल्या खडीत ठेवले.

"ग्रँडमा कॅरी दिस," खडीवर हात ठेवून म्हणाल्या आणि रडल्या. आम्हीही रडलो. मग हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जाऊन तिघींनी इडली चापली.

ऑपरेशन छान झालं, सासूबाई पुण्याला परतल्या. परवा अक्का नव्या गुडघ्याने, एमआरटीने, एकट्या तिथे जाऊन आल्या. तांदूळ कुठले राहायला, खडीत मैना टिपत फिरत होत्या म्हणाल्या.

फोनवर सासूबाईंना सांगितलं तर खूश झाल्या.

"म्हणजे माहेरी आहे की कुणीतरी."